कानातल्या बाई

एस्तेरबाई भिंगारदिवे त्या दिवसांत एकाच वेळी दोन ठिकाणी होत्या. एक बाई आशीर्वचन रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर पडून होत्या. उजवं अंग लुळं, नाकात नळी, आणि तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. दुसऱ्या बाई त्याच वॉर्डातल्या प्रत्येक नर्सच्या कानात होत्या आणि दिवसभर बोलत होत्या.

"शगुफ्ता, साखर तपासल्याशिवाय इन्सुलिन भरू नकोस." "अगं, त्या आजींच्या खाटेचा कठडा खालीच राहिलाय, वर कर आधी." "हात धुतलेस? परत धू."

खाटेवरच्या बाईंना हा आवाज ऐकू येत नव्हता. तो फक्त कानातल्या दाण्याएवढ्या यंत्रातून यायचा. पण पोरी मध्येच थांबतात, मान हलवतात, खाटेकडे वळतात, यावरून त्यांना कळत असणारच की आपणच तिथं बोलतोय. अशा वेळी त्या एकटक बघत राहायच्या आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर वाजवायच्या. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर तेजस्विनी ढगे ते बघायची आणि तिचा जीव तुटायचा.

बाईंना इथं ठेवून घ्यायचा हट्ट तेजूचाच होता. बाईंचे थोरले भाऊ सामुएलमामा त्यांना घेऊन आले तेव्हा म्हणत होते, "सिस्टर, संभाजीनगरला हलवू का? मोठा दवाखाना आहे." तेजूने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "मामा, तिथं त्या एक पेशंट असतील. इथं त्या बाई आहेत. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत मी. त्यांना बरं करून, त्यांच्या पायांनी चालवत तुमच्या बदनापूरला पाठवते. माझ्यावर सोडा." मामांनी सोडलं. म्हातारा भला माणूस, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला. रोज सकाळच्या बसने यायचा आणि बहिणीच्या उशाशी मोसंबी सोलत बसायचा. ती खाऊ शकत नाही हे माहीत होतं, पण वास तर येतो, म्हणायचा.

आता या वॉर्डाचं पूर्वीचं सांगायला हवं. कानात यंत्रं येण्याआधी इथं एक पुस्तक होतं. 'परिचर्या मार्गदर्शिका', जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. हात धुण्यापासून ते मेलेल्या माणसाला आंघोळ घालण्यापर्यंत नर्सने कुठलं काम कसं करायचं, ते सगळं त्यात लिहिलेलं. तपासणी पथक यायचं असलं की त्याची धूळ झटकायची. पथक जीपमध्ये बसलं की पुस्तक परत औषधांच्या कपाटाच्या मोडक्या पायाखाली. वाचणार कोण आणि कधी? एकेका पोरीच्या वाट्याला अर्धा वॉर्ड यायचा. चुका व्हायच्या. एकीचं औषध दुसरीला जायचं, कुणी संडासाला जाताना पडायचं. झालेली चूक लिहून द्यावी असा नियम होता, पण जी लिहून देई तिलाच मेमो मिळे. मग कोण कशाला लिहितंय? निस्तरलं तर निस्तरायचं, नाही तर तोंड मिटून बसायचं.

एस्तेरबाईंनी यावर स्वतःचा एक रिवाज काढला होता. त्याला सगळे 'उलट विचारणं' म्हणत. सूचना कुणीही देवो, मोठा डॉक्टर असो नाही तर खुद्द बाई, ती पाळण्याआधी नर्सने एक तरी प्रश्न उलट विचारायचाच. कुणाला? किती? कोणत्या हाताला? कशासाठी? प्रश्न बावळट असला तरी चालेल. विचारला की बाई म्हणायच्या, "विचारलंस, बरं झालं." मग चष्मा लावून फाइल उघडायच्या आणि पहिल्यापासून परत बघायच्या. कधीकधी त्यांची स्वतःचीच चूक सापडायची, तेव्हा जास्त खूश दिसायच्या. आणि जी न विचारता निघे, तिचं मनगट धरायच्या. बोलायच्या काही नाहीत. नाडी बघतात तशी बोटं घट्ट, आणि नजर थेट तोंडाकडे. पोरीला उमजून ती प्रश्न विचारीपर्यंत हात सुटायचा नाही. पहिल्या वर्षी तेजूचं मनगट इतक्यांदा धरलं गेलं की होस्टेलच्या मैत्रिणी विचारायच्या, आज कासाराकडे गेली होतीस की बाईंकडे?

बाई निवृत्त व्हायला आल्या तेव्हा पुण्याहून एक लहानशी कंपनी आली. तिचा निषाद वैद्य नावाचा इंजिनिअर वॉर्डात राहायलाच आल्यासारखा होता. कल्पना तशी साधी. पुस्तक वाचायला वेळ नाही ना, मग पुस्तकानेच बोलावं. नर्सच्या खांद्यावर शर्टाच्या गुंडीएवढा कॅमेरा, कानात यंत्र. समोरचा पेशंट कोण ते यंत्र ओळखतं, त्याची फाइल त्याला पाठ असते, नर्सचे हात काय करतायत ते त्याला दिसतं, आणि पुढची पायरी ते कानात सांगतं. त्याला शिकवलं तिघांनी. एक, ती निळी मार्गदर्शिका. दोन, रुग्णालयात आजवर घडलेल्या आणि लिहिल्या गेलेल्या चुका. तीन, एस्तेरबाई. नर्सिंग शाळेत बाईंच्या तासांची जुनी ध्वनिमुद्रणं पडून होती, ती सगळी त्याला ऐकवली. नोकरीच्या शेवटच्या काळात बाईंच्याच खांद्यावर कॅमेरा लावून त्यांचं काम दाखवलं. आवाजही त्यांचाच दिला, कारण अनोळखी आवाजाचं पोरी ऐकत नाहीत, असा कंपनीचा अनुभव होता.

आणि यंत्राने कमाल केली, कशाला खोटं बोला. पाठीला जखमा होऊन सडणारे पेशंट दिसेनासे झाले. कुणी पडेना, कुणाचं औषध चुकेना. नवीन लागलेली पोरगी पहिल्याच आठवड्यात अनुभवी सिस्टरसारखी वागू लागली. स्टीलच्या कारखान्यातून भाजून आलेले मजूर, शहरातले शेठ लोक, सगळे आशीर्वचनचं नाव घेऊ लागले.

एक गोष्ट तेवढी हातातून सुटली आणि ती सुटताना कुणाला कळलंही नाही. उलट विचारणं थांबलं. बाई समोर असत तेव्हा प्रश्न विचारणं हा त्यांचाच हुकूम होता. कानातल्या आवाजाला विचारायचं म्हणजे नसलेल्या माणसाच्या शब्दावर पाठीमागे शंका घेतल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला एका नव्या मुलीने विचारून बघितलं, तर शेजारची म्हणाली, "बाईंपेक्षा शहाणी झालीस का गं?" सगळ्या हसल्या, तेजूही हसली. त्यानंतर कुणी विचारलं नाही. शिवाय यंत्र चुकत नव्हतं, आणि मनगट धरायला त्याला हात नव्हता.

निवृत्त झालेल्या बाई अधूनमधून मोसंब्यांची पिशवी घेऊन वॉर्डात डोकावायच्या. एकदा त्यांनी तेजूला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी त्याला उलट विचारतात ना गं?"

"विचारतात की, बाई," तेजू म्हणाली. बाईंच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही तिला.

बाईंचं समाधान झालं. पुढच्या पावसाळ्याआधीच त्या अंगणात कोसळल्या.

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डाव्या मेंदूकडे शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार असतो, आणि बहुतेक माणसांत बोलण्याचाही. त्यामुळे बाईंचा उजवा हात आणि पाय गेला, आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. तेजू म्हणाली, "बाई, केस विंचरू?" की मान हलायची. शब्द मात्र आत कुठं तरी हरवून जात, आणि "ब, ब" एवढंच बाहेर यायचं. गिळण्याचे स्नायूही ढिले पडले होते, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. डावा हात तेवढा शाबूत होता. त्या हाताने त्या भावाच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावून द्यायच्या, तेजूची टोपी सरळ करायच्या. "ब" च्या पुढचं अक्षर ज्या दिवशी येईल त्या दिवशी वॉर्डात पेढे, असं तेजूने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने बाईंना उठवून बसवलं, तेव्हा त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. नाकाजवळची चिकटपट्टी निघाली. कुणीतरी लगेच नवी लावली. तेजू तेव्हा राउंडमध्ये होती.

दुपारी ती बाईंना दूध द्यायला आली. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. खाटेचा डोक्याकडचा भाग तिने वर केला, गळ्याशी टॉवेल पसरला. उशाशी मामा बसलेले. कानात बाई होत्या.

"नळीतून थोडी हवा सोड, तेजू. पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐक."

तिने सिरिंजने हवा सोडली. पोटात गुडगुड ऐकू आली.

"आवाज आला? मग दे. सावकाश."

खरं तर एवढ्यावर जायचं नसतं. नळी पोटातच आहे ना, हे बघायला तिच्यातून पोटातला रस थोडा ओढायचा आणि कागदाच्या पट्टीवर टाकायचा. पट्टीचा रंग बदलला तर रस आंबट, म्हणजे नळी पोटात. नळी वर सरकून अन्ननलिकेत अडकली असली तरी हवेचा आवाज पोटावर फसवा ऐकू येतो. एस्तेरबाई नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे कानीकपाळी ओरडून सांगत होत्या. पण मध्यंतरी भांडारातल्या पट्ट्या संपल्या. तेव्हा कानातला आवाज म्हणाला, "पट्ट्या येईपर्यंत हवेवर भागवू." पुढे पट्ट्या आल्या का, कुणी पाहिलं नाही. आवाज पुन्हा पट्टीचं नाव घेईना आणि पोरीही घेईनात.

तेजूने दुधाची मोठी सिरिंज नळीला लावली, आणि बाईंनी तिचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. बोटं नाडीवर होती आणि डोळे तेजूच्या तोंडावर.

"बाई, काय झालं?" तेजू म्हणाली. "भूक नाही का?"

"ब," बाई म्हणाल्या. "ब. ब."

"ती काहीतरी सांगायलीय," मामा म्हणाले.

कानातला आवाज नेहमीसारखाच शांत होता. "घाबरू नकोस. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की पेशंट हाताला लागेल ते घट्ट धरतो. तान्हं बाळ बोट धरतं ना, तसं. त्यात इच्छा नसते. ओढू नकोस. एकेक बोट हलकेच सोडव."

"मामा, या आजारात होतं असं," तेजू म्हणाली. "त्यांना कळत नाही धरलंय ते."

"मला वाटतं तिला नको आहे."

"न देऊन कसं चालेल, मामा? सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या."

आणि तिने बाईंचं एकेक बोट सोडवलं. हलकेच, शिकवलं होतं तसं. बाईंनी परत धरायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने तो हात मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "धरून बसा." मामांनी धरला. दूध नळीतून उतरू लागलं, आणि बाईंचे डोळे तेजूच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

थोड्याच वेळात बाई खोकू लागल्या. ओठ निळे पडले. तेजूने सिरिंज फेकली, त्यांना कुशीवर केलं, घशातून दूध ओढून काढलं, डॉक्टर धावत आले, अतिदक्षता विभागात हलवलं. नंतरच्या एक्स-रेत दिसलं की सकाळच्या खोकल्याने नळी वर सरकून अन्ननलिकेत राहिली होती. तिथून दूध उलटून फुप्फुसांत गेलं. नळी किती आत आहे ते दाखवणारी नाकापाशीची खूण नव्या चिकटपट्टीखाली झाकली गेली होती. फुप्फुसं दोन्ही बाजूंनी सुजली, ताप हटेना, आणि त्या आठवड्याच्या शेवटी बाई गेल्या.

बाईंचं शेवटचं सगळं तेजूने स्वतः केलं. पडदा ओढला, कोमट पाणी घेतलं. तेवढ्यात कानात आवाज आला, "तेजू, आधी डोळे मिट. मग हनुवटीखाली घडी केलेला टॉवेल ठेव." सगळं बरोबर सांगत होता, त्या निळ्या पुस्तकात होतं तसंच. तेजूने यंत्र कानातून काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. वॉर्डात यंत्र काढायला परवानगी नसते, पण मरण पावलेल्या बाईंनाच बाईंच्या आंघोळीच्या सूचना देताना ऐकणं तिच्याने होईना.

तिने बाईंचं अंग पुसलं, केस विंचरले, अंबाडा घातला. मग हात छातीवर जुळवायला घेतले. उजवा आधी ठेवला. तो तसा महिनाभर मेलेलाच होता, बोटं वळलेली, ताकद नसलेली. त्यावर डावा ठेवला, आणि ती तिथंच थांबली.

तिचं मनगट धरलं होतं ते या हाताने. डाव्या. चांगल्या.

आजारात लागेल ते धरणारा हात असतो तो लुळ्या बाजूचा. डाव्या मेंदूचा मार उजव्या हाताला. हे शाळेत बाईंनीच शिकवलं होतं, फळ्यावर दोन फुल्या काढून. या हाताला काहीही झालेलं नव्हतं. हा हात मामांची गुंडी लावत होता. बाई तिला उलट विचारायला सांगत होत्या, आयुष्यभर सांगितलं तसं, आणि तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली होती. तेजू पडद्याआड खाली फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

चौकशीची बैठक अधीक्षक डॉ. कानडे यांच्या खोलीत झाली. निषाद पुण्याहून आला होता. मामांना बोलावलं होतं, ते कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. डॉ. कानडे वाईट माणूस नव्हते, थकलेले होते.

"गिळण्याचे स्नायू निकामी असलेला पेशंट, वय झालेलं," ते म्हणाले. "अन्न फुप्फुसात जाणं हा या आजाराचाच धोका. तसं लिहू. सिस्टर, तुम्ही यंत्राच्या सूचनेप्रमाणे केलंत, तुमच्यावर काही येत नाही."

"त्यांनी माझा हात धरला होता, सर," तेजू म्हणाली.

"ते यंत्राच्या नोंदीत आहे. आजाराची पकड."

"डाव्या हाताने धरला होता."

डॉ. कानड्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं, डॉक्टर होते ते. खिडकीबाहेर गच्चीवर रक्ताच्या पिशव्या घेऊन एक ड्रोन उतरत होतं, त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"सिस्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे लिहिलं तर यंत्र बंद करावं लागेल. तुमच्याकडे निम्म्या पोरी नवीन आहेत. यंत्राशिवाय उद्या वॉर्डात काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि आधी प्रश्न येईल तो तुमच्यावर. बोटं तुम्ही सोडवलीत."

"मीच सोडवली," तेजू म्हणाली. "तेच लिहा."

मामांनी मान वर केली नाही. टोपी मांडीवर गोल फिरवत राहिले.

निषादने घसा साफ केला. तेजूला वाटलं, आता हा कंपनीची बाजू घेणार. पण त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, यंत्राचे विचार करायचे दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक झटपट. अशा प्रसंगी आजवर काय सांगितलं आणि कुणी अडवलं नाही, तेच परत सांगायचं. कुणी अडवलं नाही याचा अर्थ ते घेतं की बरोबर होतं. गप्प बसणं म्हणजे त्याच्या लेखी होकार. हवेचा आवाज बस झाला, पट्टी नको, हे ते असंच शिकलं. प्रत्येक वेळी तुम्ही सगळ्या गप्प राहिलात, आणि त्याची खात्री वाढत गेली."

"आणि दुसरा?"

"दुसरा सावकाश. त्यात ते फाइल, कॅमेरा, तपासण्या, सगळं पहिल्यापासून उघडून बघतं. प्रत्येक वेळी तसं करत बसलं तर वॉर्ड चालणार नाही. म्हणून तो रस्ता एकाच गोष्टीने उघडतो." त्याने तेजूकडे पाहिलं. "नर्सने प्रश्न विचारला की. बाईंनीच आम्हाला तसं करायला लावलं होतं. म्हणाल्या, मला कुणी विचारलं की मी परत बघते, याचंही तसंच ठेवा. नाही तर माझा आवाज देणार नाही."

"आम्ही कधी विचारलं होतं?"

"पहिल्या काही दिवसांत, एकीने. त्यानंतर कधीच नाही."

तेजूला ती नवी मुलगी आठवली, आणि आपण हसलो ते आठवलं.

"यंत्र बंद करू नका," ती म्हणाली. "त्यातला आवाज काढा. दुसरा कुठलाही घाला, परका, कुणाचाही नसलेला. पोरी त्याला विचारतील. भांडतील त्याच्याशी. बाईंचा आवाज असेपर्यंत कुणी तोंड उघडणार नाही. मी तर नाहीच उघडणार."

डॉ. कानड्यांनी मामांकडे पाहिलं. आवाजावर हक्क नातेवाइकांचा असतो, त्यांच्या सहीशिवाय काढता येत नाही. बहिणीचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता.

मामांनी टोपी फिरवायची थांबवली. मग तेजूकडे न बघता म्हणाले, "तिचा हात तू माझ्या हातात दिलास, पोरी. मी धरून बसलो. ती सोडवून घ्यायलीवती आणि मी धरून बसलो." त्यांनी डोळे पुसले. "काढा आवाज. पण आधी एकदा ऐकवा मला. मी कधी ऐकलाच नाही तो."

निषाद म्हणाला, तो प्रसंग यंत्रात जसाच्या तसा आहे, तिथपासून परत चालवता येतो. आवाज पुसण्याआधी यंत्राला ती चूक दाखवायचीच आहे. मग ते सगळे वॉर्डात गेले. खिडकीजवळची खाट रिकामी होती, चादर ताणून बसवलेली. निषादने आपलं यंत्र खाटेवर ठेवलं आणि आवाज मोठा केला, मामांना ऐकू जाईल असा. तेजू तिथंच उभी राहिली, त्या दुपारी उभी होती तिथं.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. मामांनी खाटेचा कठडा धरला. "मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की पेशंट हाताला लागेल ते घट्ट धरतो. त्यात इच्छा नसते. ओढू नकोस. एकेक बोट हलकेच सोडव."

निषादने तेजूकडे पाहून मान हलवली.

तेजू खाटेजवळ वाकली. वॉर्डातल्या पोरी हातातली कामं सोडून बघत होत्या.

"बाई," ती म्हणाली, "कोणत्या हाताने धरलंय?"

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग तोच आवाज, पण वेगळा. चष्मा लावून फाइल उघडतानाचा.

"विचारलंस, बरं झालं. थांब, बघते. डाव्या. डावा हात तर चांगला आहे गं हिचा. मग ही पकड आजाराची नाही. हिला तुला काहीतरी सांगायचंय. सकाळी ही खोकली होती, चिकटपट्टीही नवी दिसतेय. दूध देऊ नकोस, तेजू. आधी नळी बघ. बघितलीस?"

"नाही बघितली, बाई."

"मग आता बघ. घाई नाही. मी थांबते."

मामा कठड्यावर डोकं टेकून रडत होते. यंत्रातून पुढे काही येत नव्हतं, बाई थांबल्या होत्या. निषादने ते बंद करायला हात पुढे केला, तेव्हा तेजूने त्याचं मनगट धरलं.